आई हरवली, की आईला हरवलं?

(दृश्य: सोल स्टेशन, भुयारी रेल्वेचा फलाट. डब्याचे दरवाजे बंद होतात.)

नवरा पुढे, बायको चार पावलं मागे. लग्न झाल्यापासून दोघं असेच चालत आलेत. गाडी लागते. गर्दीच्या रेट्याबरोबर नवरा डब्यात शिरतो, दरवाजे मिटतात, गाडी सुटते. मग तो वळून बघतो, तर मागे बायको नाही.

तिचं नाव पार्क सो-न्यो. खेड्यातली, उभा जन्म राबण्यात गेलेली, लिहिता-वाचता न येणारी बाई. मुलांनी सोलला बोलावलं होतं, वाढदिवसासाठी. वाढदिवस खरं तर नवऱ्याचा. मुलांना दोनदा धावपळ नको म्हणून तिनेच कधीतरी सुचवलेलं, तुमच्या बाबांच्या वाढदिवसातच माझाही उरकून टाका. मग तीच पद्धत पडून गेली.

शिन क्युंग-सूक यांची ही कादंबरी २००८ साली कोरियात आली. नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर, आईला सांभाळा. किंवा, आई तुमच्या स्वाधीन.

मुलं थोरल्या भावाच्या घरी जमतात. पत्रक छापून वाटायचं ठरतं. धाकट्यांपैकी एक लेखिका, म्हणून मजकूर तिच्या गळ्यात. ती जन्मतारीख लिहिते, २४ जुलै १९३८. बाप म्हणतो, अगं, छत्तीसचा जन्म तिचा. कागदोपत्री अडतीस, खरा छत्तीस. त्या काळात मुलं दगावायची, म्हणून मूल तगतंय असं दिसल्याशिवाय कुणी नोंद करायला जात नसे. आईचं खरं वय मुलीला या पत्रकापायी कळतं. मग फोटो शोधायला लागतात, तर अलीकडचा धड फोटोही हाताशी नाही.

आता या कादंबरीचं पहिलं वाक्य. इंग्रजी भाषांतरात ते असं आहे: आई बेपत्ता झाली त्याला आठवडा झाला. सरळ आहे. आई गेली कुठेतरी, सापडत नाही. कोरियन वाक्यात मात्र क्रियापद आहे ‘इरोबोरिदा’. छत्री हरवतो, किल्ली हरवतो, पाकीट हरवतो, तेव्हा वापरायचं ते क्रियापद. आई तिथे कर्म आहे. आईला हरवून आज आठवडा, असं काहीसं. हरवलं कुणी, ते वाक्यात लिहिलेलं नाही. कोरियनमध्ये कर्ता गाळता येतो, आणि इथे तो गाळल्यानेच सगळं घर त्या रिकाम्या जागेत येऊन बसतं. मराठीत ‘आईला हरवलं’ म्हटलं की आईचा पराभव केला असाही अर्थ निघतो. या घराच्या बाबतीत तोही चुकीचा नाही.

दुसरी गंमत सर्वनामांची. लेखिका मुलीचं प्रकरण ‘तू’ म्हणून लिहिलंय. तू हे विसरलीस, तू तेव्हा फोन ठेवून दिलास. बापाच्या प्रकरणात कोरियन सर्वनाम बदलतं, तिथे ‘तुम्ही’. इंग्रजीत दोन्हींचा ‘यू’ होतो. भाषांतरकाराचा काही इलाज नाही. मराठीत हे पुस्तक थेट कोरियनमधून कुणी आणलं तर निदान एवढं तरी जसंच्या तसं उतरेल. ‘मी’ म्हणून बोलते ती फक्त आई, आणि तेही शेवटाकडे.

(दृश्य: पुस्तकांचं दुकान. टेबलावर इंग्रजी आवृत्तीचे ढीग.)

कोरियात दहा लाखांवर प्रती खपल्या. २०११ मध्ये पुस्तक अमेरिकेत पोचलं, आणि तिथे सार्वजनिक रेडिओवर एका नावाजलेल्या समीक्षिकेने त्याची साल काढली. ढोबळ, रडवण्यासाठी रचलेलं, अपराधी वाटायला लावणारं. तिचा शेरा अजूनही लोकांच्या लक्षात आहे: किमचीच्या (म्हणजे आंबवलेल्या कोरियन भाजीच्या) वासाचं टिश्यूपेपर साहित्य. आई दुःखी असेल तर दोष नवऱ्याचा आणि मुलांचा, हा विचार अमेरिकन वाचकाला परका आहे, असा तिचा एकंदर सूर.

किमचीचा वास काढायची गरज नव्हती. त्यावर बरीच ओरडही झाली. पण तो शेरा बाजूला ठेवला, तर तिला खटकलं ते नेमकं त्या पहिल्या क्रियापदातच आहे. इंग्रजी वाक्यात दोष कुणाचाच नाही, आई आपली आपणच बेपत्ता झाली आहे. मग पुढे पुस्तकभर सगळे स्वतःला कोसत का बसलेत, हा प्रश्न पडणारच. पुस्तक पुढे तिथे खपलंही चांगलं, आणि २०११ चा मॅन आशियाई साहित्य पुरस्कार शिन यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका.

रडवतं म्हणून पुस्तकाला नाक मुरडणं आपल्याला काही नवीन नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या आईच्या आठवणींवर तीन-तीन पिढ्या रडल्या, आणि त्यांतलेच काही पुढे मोठे होऊन त्या रडण्याला हसले.

आणि अमेरिका तरी कोरड्या डोळ्यांची होती का?

१८४९ मध्ये हॅरिएट बीचर स्टो या बाईचा दीड वर्षाचा मुलगा कॉलऱ्याने गेला. गुलाम आईच्या कुशीतून मूल ओढून विकतात तेव्हा तिला काय होत असेल, ते मला त्याच्या मरणशय्येपाशी कळलं, असं तिने पुढे लिहून ठेवलंय. १८५२ मध्ये तिची ‘अंकल टॉम्स केबिन’ आली. पहिल्याच वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती. घराघरांत ती मोठ्याने वाचली जायची आणि लोक ओक्साबोक्शी रडायचे. त्या अश्रूंनी गुलामगिरीविरुद्धचं जनमत पेटवलं. रडणं हे तेव्हा राजकारण होतं.

टिंगल सुरू झाली नंतर. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मध्ये एक मुलगी आहे, एमेलिन. गावात कुणी मेलं रे मेलं की ही शोककविता करायला बसते. गोष्ट सांगणारा हक म्हणतो, शेजारी म्हणायचे: आधी डॉक्टर, मग एमेलिन, मग तिरडीवाला. वाचताना हसू आवरत नाही. पण त्या हसण्यात एक निकालही होता. चांगलं साहित्य रडत नाही. रडतं ते बायकांचं, बाजारू. रेडिओवरचा तो शेरा या घराण्यातला.

(दृश्य: न्यूयॉर्क, हिवाळा. अपार्टमेंटची खिडकी.)

३० डिसेंबर २००३. अमेरिकन लेखिका जोन डिडियन आणि त्यांचे पती जॉन ग्रेगरी डन रुग्णालयातून घरी आले. एकुलती एक मुलगी तिथे अतिदक्षता विभागात. जेवायला बसले, आणि जेवणाच्या टेबलावरच डन कोसळले. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर डिडियनना बातमी द्यायला कचरत होते, तेव्हा तिथली समाजसेविका म्हणाली, सांगा, बाई तशा शांत डोक्याच्या आहेत.

त्या शांत डोक्याच्या बाईने नवऱ्याचे कपडे देऊन टाकले आणि बुटांपाशी येऊन थांबली. परत आला तर पायांत काय घालणार? नऊ महिने पाच दिवसांनी त्या लिहायला बसल्या. पुस्तकात वैद्यकीय अहवाल आहेत, वेळांच्या नोंदी आहेत, शोकावरच्या अभ्यासांचे उतारे आहेत. २००५ चं हे पुस्तक अमेरिकेत शोक कसा लिहावा याचा वस्तुपाठ मानलं जातं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात ‘मी’ आहे. एकटी बाई स्वतःच्या मनाचा पंचनामा करते आहे.

मला ते पुस्तक फार आवडतं. पण त्यात माणसांची वर्दळ जिथे दिसते, तिथे मी जास्त रेंगाळतो. डिडियनना शोकाबद्दल सगळ्यात शहाणं काही सापडलं ते १९२२ च्या शिष्टाचाराच्या पुस्तकात. त्यात एमिली पोस्ट नावाच्या बाईंनी लिहिलंय: घरात मृत्यू झालाय त्यांना, हवं का म्हणून विचारू नका, गरम काहीतरी आणून हातात द्या. आणि त्या दिवसांत डिडियनच्या घशाखाली उतरत होतं ते एकच. एक मित्र रोज चायनाटाऊनमधून डबाभर कॉन्जी आणून द्यायचा, आलं आणि कांद्याची पात घातलेली. कॉन्जी म्हणजे तांदळाची पेज. शब्दही आपल्या दक्षिणेकडचा, तमिळ कांजी. त्या मित्राबद्दल पुस्तकात चार ओळी असतील-नसतील.

(दृश्य: कोरियन किराणा दुकान. किमचीच्या बरण्या, फ्रीजमध्ये हारीने मांडलेली पंचपक्वान्नं नव्हे, साधे तोंडीलावण्याचे डबे.)

हे दुकान एच मार्ट. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सुरू झालं. ‘एच’ म्हणजे ‘हान आ रुम’, कवेत मावेल एवढं सामान. इथल्या तयार पदार्थांच्या फ्रीजसमोर लेखिका मिशेल झॉनर रडते. आई कोरियन, वडील अमेरिकन गोरे, वाढली ऑरेगनमध्ये. २०१४ मध्ये आई कर्करोगाने गेली. २०२१ मधलं तिचं पुस्तक याच दुकानातल्या रडण्याने सुरू होतं.

हिची कोरियन आई पदराने डोळे टिपणारी असेल असं वाटेल. मुळीच नाही. पोर पडली, खरचटलं, भोकाड पसरलं की आई जवळ घ्यायचं सोडून ओरडायची. तिचं ठरलेलं वाक्य होतं: रडू नको, आई मरेल तेव्हासाठी राखून ठेव.

आता सांगा, कोरियन लोक रडके आणि अमेरिकन खंबीर, हा हिशेब कसा बसवायचा?

कोरियात रडण्याला जागा होती, आणि ती नेमून दिलेली होती. अंत्यविधीत ‘आइगो, आइगो’ म्हणून टाहो फोडायची रीत होती. राजेशाहीच्या काळात बड्या घरच्या अंत्ययात्रेत त्यासाठी खास बायका असत, त्यांना ‘गोक्बी’ म्हणत. आजही तीन दिवसांचा विधी असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला तिखटजाळ लालभडक मांसरस्सा वाढतात. पण वेळ-अवेळ न बघता पडद्यावर अश्रू काढायला लागलात, तर सर्वांत आधी कोरियन प्रेक्षकच वैतागतो. त्याच्याकडे त्यासाठी तुच्छतेचा एक शब्दच आहे, ‘शिन्पा’. आणि ‘हान’, म्हणजे कोरियन माणसाच्या रक्तातच असलेलं म्हणतात ते साचलेलं दुःख? परदेशी लेखांत तो शब्द हमखास येतो. कोरियन कलेचं सौंदर्य दुःखातच आहे, हे जपानी राजवटीत यानागी नावाच्या एका जपानी रसिकाने मोठ्या प्रेमाने लिहिलं. राज्यकर्त्यांच्या देशातून असं कौतुक आलं, की अनेक कोरियन अभ्यासकांच्या भुवया उंचावतात. माझ्याही उंचावतात.

कोरियन लेखिका हान कांग यांना २०२४ चं साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांचं एक छोटं पुस्तक पांढऱ्या वस्तूंबद्दल आहे. त्यात त्यांची आई आहे, बावीस वर्षांची. एकाकी घर, नवरा कामावर, जवळ फोन नाही, आणि आठव्या महिन्यातच कळा सुरू. कळा येत असतानाच तिने बाळासाठी पांढरं अंगडं शिवलं. मुलगी झाली, तांदळाच्या पिठाच्या गोल खाऊसारखी गोरीपान. दोन तास जगली. त्या प्रसंगात हंबरडा नाही. आई बाळाला एवढंच म्हणत राहते, मरू नकोस. मरू नकोस गं. आणि धाकटी बहीण, म्हणजे लेखिका, तिला उद्देशून लिहिते की तू जगली असतीस तर मी जन्मलेच नसते.

कोरियन माणूस एकुलता एक असला तरी आईला ‘उरी ओम्मा’ म्हणतो. आमची आई. मराठीत आपणही सहज तेच म्हणतो, सोबत भावंडं नसली तरी. इंग्रजीत असं म्हणायला गेलं, तर बाकीचे कोण, हे सांगावं लागतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. लॅपटॉपवर व्हिडिओ सुरू.)

झॉनरची आई आजारी असताना तिची एक कोरियन मैत्रीण येऊन राहिली होती. आईला जात असलेला पदार्थ तीच करायची: जातजुक, चिलगोजे वाटून केलेली तांदळाची पेज. झॉनरला तिने तो शिकवला नाही. आई गेल्यावर झॉनरने यूट्यूबवर मांगची नावाच्या कोरियन बाईंची कृती शोधली. तांदूळ भिजवायचे. चिलगोज्यांबरोबर पाणी घालून गंधासारखे वाटायचे. पातेल्यात ओतून मंद आचेवर ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही, नाहीतर तळाला लागतं. दाट होऊन बुडबुडे यायला लागले की किंचित मीठ. बस. तिने ती वाडग्यात ओतून घेतली, आणि गरम असतानाच खाल्ली.