खाडीतला छोटा फिडलर खेकडा ओळखायचाय? रंगावर जाऊ नका

नमस्कार मंडळी, मी आत्ता उरणजवळच्या खाडीवर आहे, ओहोटी लागून तासभर झालाय, मागे तिवरांची झाडं दिसतायत आणि त्यांच्या बाहेर जो रेतीमिश्रित चिखल उघडा पडलाय ना, तिकडे बघा, काहीतरी पांढरं पांढरं हलतंय. फिडलर खेकडे! पाठ फार तर दोन सेंटीमीटर, पण नराचा एक डेंगा जवळजवळ अख्ख्या अंगाएवढा. मादीचे दोन्ही डेंगे बारीक, त्यामुळे ओळखायला नरच बघायचा.

आता बहुतेक जण फोटो पाठवतात आणि विचारतात, काळ्या पाठीवर पांढरे पट्टे आहेत, मग हा कुठला? अहो, रंग बदलतो यांचा! दिवसा गडद, रात्री फिका, आणि मादीला बोलवायला लागला की उजळतो. म्हणून मी आधी डोळे बघते. डोळ्यांचे दांडे जिथून निघतात तिथे मधली जागा रुंद असेल तर ऑस्ट्रुका वंश, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, आणि दांडे अगदी एकमेकांना चिकटल्यासारखे असतील तर ट्युबुका किंवा जेलासिमस हे वंश. इथे झूम करते... दिसली रुंद जागा? हा बहुतेक ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस. १८३७ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्सने याचं वर्णन केलं, जुन्या पुस्तकांत तो उका ॲन्युलिपेस म्हणून सापडेल, २०१६ मध्ये उका वंशाची फोड झाली तेव्हा नाव बदललं. बहुतेक म्हणाले कारण कच्छच्या आखातात याच गटातला सिंडेन्सिस पण आहे, तिकडे फोटो काढलात तर डेंग्याच्या बोटांवरचे दात बघितल्याशिवाय नाव ठोकू नका.

दुसरी खूण म्हणजे हात हलवणं. हा डेंगा बाजूला उघडतो, वर नेतो आणि परत तोंडाशी आणतो, आणि मादी जवळ आली की आजूबाजूचे नर एकाच वेळी हलवायला लागतात, ते बघताना मी दरवेळी मोजायचं विसरते इतकं छान दिसतं.

आणि हे फार महत्त्वाचं, डेंगा तुटला तर तो परत उगवतो, पण नवा हलका असतो, बोटं लांब आणि दात कमी. २००० साली मोझांबिकमध्ये तेव्हा याच जातीत धरलेल्या खेकड्यांवर अभ्यास झाला (आता तिकडचे ऑस्ट्रुका ऑक्सिडेंटॅलिस ही वेगळी जात मानतात), मादीला नवा-जुना फरक कळत नाही असं त्यात दिसलं. मग गुळगुळीत डेंगा बघून आपण वेगळी जात समजून बसतो! म्हणून एकाच नरावर थांबू नका, चार-पाच बघा.

फोटो समोरून काढा, डोळ्यांमधली जागा आणि डेंग्याची बाहेरची बाजू दोन्ही दिसली पाहिजे. बिळाभोवती चिखलाच्या बारीक गोळ्या दिसतील, खाऊन झालेला चिखल तो असाच टाकतो, त्यांच्यावर पाय देऊ नका, दोन-तीन मीटरवर बसा आणि सावली पडू देऊ नका. पाच मिनिटांत बाहेर येतात.