राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आणि कारकुनाची खुर्ची

मंडळी, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे जगातला सर्वांत ताकदवान माणूस, असं आपण सहज बोलून जातो. पण आपल्याच सरकारातल्या मधल्या फळीतल्या एखाद्या अधिकाऱ्याला घरी पाठवायचं ठरवलं, तर या ताकदवान माणसालाही आधी वकील गाठावा लागतो. हे कशामुळे झालं, हे बघायला गेलं तर आपण एका खुनापाशी पोचतो.

1829 साली अँड्र्यू जॅक्सन सत्तेवर आले आणि एक रीत पक्की झाली. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने पोस्टमास्तरापासून जकातीच्या कारकुनापर्यंत आपली माणसं बसवायची, आणि त्या माणसांनी पगारातला हिस्सा पक्षाच्या फंडात टाकायचा. म्हणायला ती ऐच्छिक देणगी होती, पण न देणाऱ्याची नोकरीही तितकीच ऐच्छिक होऊन बसे! न्यूयॉर्कचं कस्टम हाऊस म्हणजे या व्यवहाराचं मोठं ठाणं. तिथले प्रमुख चेस्टर आर्थर यांना राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी 1878 मध्ये पदावरून काढलं. हे नाव लक्षात असू द्या.

1881 च्या मार्चमध्ये जेम्स गारफील्ड राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या दाराशी नोकरी मागणाऱ्यांची रीघ लागली. त्यात चार्ल्स गिटो नावाचा एक विक्षिप्त गृहस्थ होता. आपल्या भाषणामुळेच गारफील्ड निवडून आले, तेव्हा पॅरिसमधलं वकिलातीचं पद आपल्यालाच मिळायला हवं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पद मिळालं नाही. 2 जुलैला त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्षांना गोळ्या घातल्या. गारफील्ड 19 सप्टेंबरला गेले. (डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घातली नसती तर ते वाचलेही असते, असं बरेच जण मानतात.) त्यांच्या जागी आले उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे हेच चेस्टर आर्थर.

वशिल्यावर वाढलेल्या या माणसानेच 16 जानेवारी 1883 रोजी पेंडल्टन कायद्यावर सही केली. नोकरी परीक्षेवर मिळेल, पक्षासाठी वर्गणी उकळता येणार नाही. मसुदा डॉर्मन ईटन यांचा. त्यांनी त्याआधी ब्रिटनच्या नोकरशाहीचा अभ्यास केला होता, आणि ब्रिटनने खुल्या स्पर्धा परीक्षेचा प्रयोग 1855 पासून हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी केला होता. म्हणजे या कल्पनेच्या वाटेवर आपलाही मुक्काम लागतो.

पण या कायद्याखाली सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्या आल्या. बाकीच्या नोकऱ्या हळूहळू आत घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे राहिला, आणि मला सगळ्यात गमतीची वाटते ती पुढची गोष्ट. सत्ता सोडता सोडता राष्ट्राध्यक्ष आपण नेमलेल्यांच्या जागा परीक्षेच्या यादीत घालायचे, म्हणजे पुढच्याला त्यांना हात लावता येऊ नये. सुधारणा झाली खरी, पण तिच्यामागे सज्जनपणापेक्षा धूर्तपणाच जास्त होता.

आज तिथे वीस लाखांहून अधिक मुलकी कर्मचारी आहेत आणि राजकीय नेमणुका सुमारे 4,000. त्यातल्या बाराशेच्या आसपास पदांना सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे सरकार बदललं की मंत्रालयात मंत्री बदलतात. सचिवांची फार तर बदली होते, नोकरी जात नाही. तिथे मात्र खात्याचे वरचे दोन-तीन थर एकदम रिकामे होतात आणि खालचे लोक जागच्या जागी राहतात.

हे खालचे लोक काही संत नव्हेत. नव्या धोरणाची फाईल कशी रेंगाळवायची, हे त्यांना चांगलं कळतं, त्यामुळे निवडून आलेल्या नेत्याची तक्रार अगदीच खोटी नसते. ट्रम्प यांनी ऑक्टोबर 2020 मध्ये हुकूम काढला, की धोरणावर प्रभाव टाकणाऱ्या पदांना सहज काढून टाकण्यापासून असलेलं संरक्षण काढून त्यांचा वेगळा वर्ग करायचा. बायडेन यांनी तो लगेच रद्द केला. 20 जानेवारी 2025 ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी तो पुन्हा आणला. ज्या हुकुमाच्या वाटेने नोकऱ्या यादीत आल्या, त्याच वाटेने त्या बाहेर काढायच्या. कर्मचारी संघटना त्याच महिन्यात कोर्टात गेल्या. आता नियमाचा मसुदा लिहिणारा सरकारी वकील धोरण ठरवतो की फक्त लिहून देतो, यावर वाद घातला जातो आहे.