कात्री कुठे चालणार हे फाईल ठरवते

तासाभराचं रेकॉर्डिंग आहे, मध्येच ३ मिनिटांचा ब्रेक आलाय, तेवढा उडवायचाय, काम एवढंच. आणि आपण काय करतो, अख्खी फाईल एडिटरमध्ये टाकतो, ३ मिनिटं कापतो, एक्सपोर्ट दाबतो आणि मग लॅपटॉपचा पंखा ऐकत बसतो. म्हणजे ज्या ५७ मिनिटांना हात लावायचाच नव्हता तीसुद्धा उलगडून परत दाबली (कॉम्प्रेस केली), वेळ गेला तो गेलाच, वर क्वालिटीही थोडी उतरली, कारण एच.२६४ (व्हिडिओ दाबायची पद्धत) आपण नेहमी वापरतो तसं दरवेळी चित्रातलं काहीतरी टाकूनच देतं.

त्यापेक्षा दाबलेला डेटा आहे तसा उचलून दुसऱ्या फाईलमध्ये ठेवायचा. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्राममध्ये याला स्ट्रीम कॉपी म्हणतात, ॲव्हिडेमक्स या एडिटरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे कॉपी निवडायचं, आणि कमांड लिहायचा कंटाळा असेल तर लॉसलेसकट आहे, ते आतून एफएफएमपेगच चालवतं. डिस्क जेवढी फास्ट तेवढं काम फास्ट, तासाची फाईल काही सेकंदांत बाहेर.

मग अडतं कुठे, तर कापायच्या जागेवर. कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. अधूनमधून एक कीफ्रेम येते, ती स्वतःच्या पायावर उभी असते, बाकीच्या फ्रेम नुसत्या "आधीपेक्षा इथे हे बदललं" एवढंच सांगतात, काही तर पुढच्या फ्रेमकडेही बघतात. त्यामुळे तुकड्याची सुरुवात कीफ्रेमवरच व्हायला हवी, नाहीतर डीकोडरला (चित्र उलगडणाऱ्या प्रोग्रामला) बदल कळतो पण कशात बदल ते कळत नाही, आणि स्क्रीनवर करडे चौकोन नाहीतर गोठलेलं चित्र दिसतं. शेवटाला मात्र ही अट नाही, तिथे एखाद-दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक काढताना म्हणूनच ब्रेक सुरू कुठे होतो याची फार काळजी नको, तो संपून कार्यक्रम परत जिथे सुरू होतो तिथली कीफ्रेम शोधा, आणि ती नेमकी जागेवर नसेल तर एक आधीची घ्या, ब्रेकचे २ सेकंद राहिले तर राहू देत, वाक्याचा पहिला शब्द गेला तर ते जास्त खटकतं.

कीफ्रेम किती अंतरावर असतात हे फाईल कुणी बनवली त्यावर आहे. डीव्हीडीत साधारण अर्ध्या सेकंदाला एक मिळते. एक्स२६४ (एच.२६४ व्हिडिओ बनवणारा प्रोग्राम) डीफॉल्टला जास्तीत जास्त २५० फ्रेम थांबतो, म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) पूर्ण १० सेकंद. पण सीन एकदम बदलला की तो स्वतःहून नवी कीफ्रेम टाकतो, आणि ब्रेक संपताना सीन बदलतोच ना, त्यामुळे बरेचदा आयतीच मिळते. खरा ताप होतो तो स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये किंवा एकाच कॅमेऱ्यावर कुणीतरी तासभर बोलतंय अशा फाईलमध्ये, तिथे सीन बदलतच नाही.

आता एफएफएमपेगच्या कमांडमधली एक गोष्ट, कारण सगळ्यात जास्त घोळ हिचाच असतो. सुरुवातीची वेळ देणारा एसएस (-ss) तुम्ही इनपुट फाईलच्या आधी लिहिला तर तो मागच्या कीफ्रेमवर उडी मारतो. इनपुटनंतर लिहिला तर आवाज सांगितलेल्या वेळेपासून सुरू होतो आणि चित्र पुढची कीफ्रेम येईपर्यंत येतच नाही, मग लोक म्हणतात फाईल करप्ट झाली! करप्ट वगैरे काही नाही, एसएस आधी लिहा.

आणि आधी लिहिलात तरी एक मेख आहे. मागच्या कीफ्रेमपासून तुमच्या वेळेपर्यंतचा तो जादा भाग एमपी४ मध्ये जातो, फक्त एडिट लिस्ट नावाची नोंद प्लेअरला सांगते की हे दाखवू नकोस. बहुतेक प्लेअर ऐकतात, काही ऐकत नाहीत, मग तिथे जादा तुकडा दिसतो किंवा आवाज पुढेमागे होतो. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की पासवर्ड टाइप करतानाचे ४ सेकंद कापले म्हणून फाईल कुणाला पाठवलीत तर ते ४ सेकंद आत असू शकतात. असं काही लपवायचं असेल तर स्ट्रीम कॉपी विसरा, सरळ री-एन्कोड करा (उलगडून परत दाबा), नाहीतर बऱ्याच पुढच्या कीफ्रेमपासून सुरू करा.

उरलेले २ तुकडे जोडायला एफएफएमपेगचं कॉन्कॅट, एकाच फाईलमधले असल्यामुळे कोडेक (दाबायची पद्धत), साइज सगळं जुळतं, सहसा कुरकुर होत नाही. जोडावर आवाज किंचित अडखळू शकतो, कारण आवाजाचेही ठोकळे असतात, नेहमीच्या एएसी या ऑडिओ प्रकारात १०२४ सॅम्पलचा एक, ४८ किलोहर्ट्झला साधारण २१ मिलिसेकंद, आणि त्याच्या अधेमधे कापता येत नाही. जोडाच्या ५-१० सेकंद आधीपासून चालवून बघा, तेही दोन वेगळ्या प्लेअरमध्ये, आणि तोपर्यंत मूळ फाईल डिलीट करू नका.