चुकीचं पान दुरुस्त करण्याचा हक्क

नमस्कार.

एका आकड्यापासून सुरुवात करते. ३८. तुमच्यापैकी जे मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकवतात त्यांना तो लगेच ओळखू आला असेल. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी खिडक्यांतून नुसते बघत राहिले, हल्ला चालू असताना कुणी पोलिसांना फोनसुद्धा केला नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. त्या बातमीनं अस्वस्थ होऊन जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी प्रयोग रचले. गर्दीत मदतीची जबाबदारी कशी वाटली जाते, हा विषय अभ्यासक्रमात आला आणि त्याच्याबरोबर ते ३८ जणही पाठ्यपुस्तकांत मुक्कामाला आले. पुढे २००७ मध्ये मॅनिंग, लिव्हाइन आणि कॉलिन्स या तीन मानसशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून लेख लिहिला. ३८ जण सगळं डोळ्यांदेखत पाहत होते याला पुरावा सापडत नाही, असं त्यांनी दाखवलं. हल्ल्याचा शेवटचा भाग तर इमारतीच्या आत, जिन्यापाशी घडला होता. खिडकीतून तो कुणाला दिसणार? प्रयोग खोटे ठरले नाहीत, गोष्ट खोटी ठरली.

मी ही गोष्ट अनेक वर्षं शिकवली. तो लेख वाचल्यावर वर्गात दुरुस्ती सांगू लागले. तरी उत्तरपत्रिकांत ३८ येतच राहिले, कारण पुस्तकात ३८ छापलेले होते. विद्यार्थी छापलेल्यावर विश्वास ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पुस्तक माझं नव्हतं. त्यातला एक परिच्छेद बदलून, सुधारलेलं प्रकरण सगळ्या वर्गाला आणि शेजारच्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना वाटायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

मुक्त शैक्षणिक संसाधनांकडे, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि पुढे वाटता येईल अशा शिक्षणसाहित्याकडे, मी वळले ती या उत्तरपत्रिकांमुळे. हे आधीच सांगते, कारण या विषयावरचं बोलणं बहुतेक वेळा पुस्तकाच्या किमतीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. किमतीचा प्रश्न खराच आहे. पुस्तक न घेताच सत्र काढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि आपल्याला ती ओळखू येतात. पण पुस्तक फुकट मिळालं म्हणून ते मुक्त होत नाही. फुकट पुस्तकातही ३८ तसेच राहू शकतात.

सामाजिक शास्त्रांत हा फरक विशेष मोलाचा आहे. गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण कुठेही तसंच शिकवता येतं. कुटुंबाचं येत नाही. ‘कुटुंब’, ‘स्थलांतर’, ‘मतदान’, ‘दारिद्र्य’ ही प्रकरणं लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर कुठला तरी एक समाज असतोच. तिथले कायदे, तिथली जनगणना, तिथले वाद. त्या समाजात न राहणारा विद्यार्थी संकल्पना शिकतो खरी, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्याबद्दल आहे असं समजून शिकतो. घटस्फोटाच्या दरांचा तक्ता पाठ करून अचूक लिहिणारी एक विद्यार्थिनी मला आठवते. ‘तुझ्या ओळखीच्या घरांमध्ये काय दिसतं?’ असं विचारल्यावर ती गोंधळली. ‘ते पण समाजशास्त्रात येतं?’ असं तिनं अगदी मनापासून विचारलं. त्या प्रश्नानं मला बरेच दिवस छळलं.

आता थोडा इतिहास, भरभर. २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. २००२ च्या जुलैमध्ये पॅरिसला युनेस्कोनं भरवलेल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हा शब्दप्रयोग पक्का झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपलं साहित्य इतरांनी कुठल्या अटींवर वापरावं हे लेखकानं आधीच सांगून ठेवायचे, पहिले परवाने आले. २०१९ च्या नोव्हेंबरात युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं या विषयावर सदस्य देशांना शिफारसच केली.

या चळवळीतले एक जुने कार्यकर्ते डेव्हिड वाइली यांनी ‘मुक्त’ म्हणजे काय याची पाच कामांत फोड केली आहे: साहित्य स्वतःजवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. पहिलं काम, स्वतःजवळ ठेवणं, त्यांनी यादीत नंतर घातलं, आणि ते का घालावं लागलं हे समजून घेण्यासारखं आहे. फ्लॅट वर्ल्ड नॉलेज नावाची प्रकाशन संस्था २००७ मध्ये सुरू झाली. तिची पुस्तकं ऑनलाइन मोफत वाचता येत. २०१२ च्या अखेरीस तिनं ही मोफत सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी नुसती लिंक विद्यार्थ्यांना दिली होती त्यांची पंचाईत झाली. पण ती पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली निघाली होती, आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. ज्यांनी प्रती उतरवून ठेवल्या होत्या त्यांच्याकडून ती पुस्तकं पुढे चालत राहिली. तेव्हा लिंकवर भिस्त ठेवू नका. फाइल उतरवून घ्या, आणि शक्य असेल तर पीडीएफ नव्हे, बदल करता येईल अशी फाइल घ्या. पीडीएफमध्ये अधिकार असतो, हात मात्र बांधलेले असतात.

परवान्यांबद्दल आपल्या लोकांना उगाच धास्ती वाटते. एकूण सहा परवाने आहेत आणि ते चार अटींच्या जुळवणीतून बनतात. श्रेय द्या, ही अट सहाही परवान्यांत आहे. बाकीच्या तीन अटी अशा: तुमची आवृत्ती याच परवान्याखाली वाटा, धंद्यासाठी वापरू नका, आणि बदललेली आवृत्ती वाटू नका. ही शेवटची अट आपल्या कामात सर्वांत मोठी अडचण आहे. उदाहरण देते. कोअर या प्रकल्पाचं ‘द इकॉनॉमी’ हे २०१७ चं पुस्तक मला फार आवडतं. मागणी-पुरवठ्याच्या आलेखांऐवजी ते उत्पन्नाचा इतिहास, विषमता, हवामान यांपासून अर्थशास्त्राला हात घालतं. वाचायला, शिकवायला उत्तम आणि मोफत. पण त्याच्या परवान्यात बदललेली आवृत्ती वाटायला मनाई आहे. म्हणजे उदाहरणं बदलून तुमची प्रत विद्यार्थ्यांना द्यायची तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. उलट, राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पानं २०१२ मध्ये जी पहिली दोन पुस्तकं काढली त्यांतलं एक समाजशास्त्राच्या ओळखीचं होतं, आणि त्याला श्रेय देण्याएवढीच अट होती. ते पुस्तक अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे आणि पानोपानी ते जाणवतं. तरीही मला ते जास्त उपयोगी पडलं, कारण त्याच्यावर कात्री चालवता आली.

मिसळताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. विकिपीडियातला मजकूर ‘श्रेय आणि समान परवाना’ या अटींवर मिळतो. अनोल भट्टाचार्जी यांचं सामाजिक संशोधनपद्धतीवरचं २०१२ चं पुस्तक, जे अनेकजण वापरतात, त्यात या दोहोंबरोबर धंद्याला मनाईही आहे. दोन्ही परवाने म्हणतात, नवी आवृत्ती माझ्याच अटींखाली काढ. म्हणून दोन्हीकडचे परिच्छेद विणून एकच प्रकरण करता येत नाही. मात्र एका संग्रहात, आपापल्या परवान्यासह, शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही. आणि श्रेय देताना चार गोष्टी लिहायच्या: शीर्षक, लेखक, कुठून घेतलं, कुठला परवाना. शिवाय तुम्ही काय बदललंत ते.

बदलायचं कसं? माझा अनुभव सांगते. अख्खं पुस्तक हातात घेऊ नका, दमून जाल. एका सत्राला एक प्रकरण. संकल्पनेचा सांगाडा राहू द्या, मूळ लेखकानं तो बहुधा आपल्यापेक्षा विचारपूर्वक बांधलेला असतो. उदाहरणं, तक्ते, छायाचित्रं आणि प्रकरणाअखेरचे प्रश्न, एवढंच बदला. कुटुंबाच्या प्रकरणात मी पहिला तक्ता काढून विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या देशाच्या जनगणनेतला घातला, आणि परदेशातला तक्ता त्याच्या शेजारी तुलनेला ठेवला. दूरचं उदाहरण हाकलून द्यायचं नसतं. ते दूरचं आहे हे दिसेल अशा जागी ठेवायचं असतं.

पाठ्यपुस्तकाबद्दल एवढं पुरे, कारण मला वाटतं खरा खजिना त्याच्या बाहेर, विदेत, म्हणजे खुल्या आकडेवारीत आणि माहितीत, आहे. दोन उदाहरणांवर थोडी रेंगाळणार आहे.

पहिलं बर्कलीचं. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांत स्त्रियांवर अन्याय झाला का, या प्रश्नावर बिकेल, हॅमल आणि ओकॉनेल यांनी १९७५ मध्ये लेख लिहिला. त्यातल्या सहा मोठ्या विभागांची आकडेवारी ‘आर’ या मोफत संख्याशास्त्रीय प्रणालीत आधीपासूनच भरलेली असते. एकूण ४५२६ अर्ज. पुरुषांचे २६९१, त्यांतले ११९८ स्वीकारले, म्हणजे सुमारे ४५ टक्के. स्त्रियांचे १८३५, स्वीकारले ५५७, सुमारे ३० टक्के. एवढा आकडा फळ्यावर लिहून मी थांबते. वर्ग तापतो. मग म्हणते, आता विभागवार बघा. ‘अ’ विभागात पुरुषांचे ६२ टक्के अर्ज स्वीकारले गेले, स्त्रियांचे ८२ टक्के. शेवटच्या विभागात पुरुषांचे ६, स्त्रियांचे ७. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचा दर वरचा निघतो! स्त्रियांनी जिथे प्रवेश मिळणं अवघड तिथे जास्त अर्ज केले होते. सोपी उकल मिळाली म्हणून मुलं सुस्कारा टाकतात, तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं: पण त्यांनी तिथेच अर्ज का केले? खरा समाजशास्त्राचा तास तिथे सुरू होतो. हा तास मला कुठल्याच पुस्तकानं दिला नसता. आकडे खुले होते, ते मुलांच्या हातात देता आले, आणि प्रश्न त्यांचा त्यांना सापडला.

दुसरं उदाहरण एका विद्यार्थ्याचंच आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये लिहिलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. खर्चकपातीच्या बाजूनं बोलणारे राजकारणी हा निष्कर्ष घेऊन फिरत होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात काम मिळालं होतं: एखादा प्रसिद्ध लेख निवडा आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याचे आकडे जुळेनात. त्यानं लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्या होत्या. त्याहून मोठा परिणाम काही देशांची काही वर्षं वगळल्याचा आणि सरासरीला भार देण्याच्या पद्धतीचा होता. २०१३ मध्ये त्यानं आपल्या प्राध्यापकांबरोबर केलेल्या हिशेबात तीच सरासरी २.२ टक्के आली. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक कबूल केली, बाकीच्या मुद्द्यांवर ते आपल्या मतावर ठाम राहिले. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की हे सगळं एका असाइनमेंटमधून निघालं. आपण वर्षानुवर्षं जी असाइनमेंट घेतो, तपासतो आणि रद्दीत टाकतो, तीत केवढी ताकद असते ते पाहा.

मात्र एका बाबतीत मी मुक्ततेची बाजू घेणार नाही. आपल्या शास्त्रांचं साहित्य माणसांपासून बनतं. मुलाखती, आठवणी, छायाचित्रं. छायाचित्रावर मुक्त परवाना असला तरी तो छायाचित्रकाराच्या हक्काचा असतो. चित्रातल्या माणसाच्या खासगीपणाबद्दल तो काहीच बोलत नाही. एखाद्या बाईनं विद्यार्थिनीजवळ विश्वासानं सांगितलेलं दुःख, नाव बदललं तरी, गावातल्या माणसाला ओळखू येऊ शकतं. आदिवासी आणि मूळनिवासी समूहांनी २०१९ मध्ये विदेबाबतची ‘केअर’ ही तत्त्वं पुढे आणली. त्यांचा गाभा हाच, की आमच्याबद्दलच्या माहितीवर आमचा अधिकार राहू द्या, तिचा फायदा आम्हालाही होऊ द्या. विद्यार्थ्यांचं काम जगासमोर ठेवतानाही हाच नियम. त्यांची संमती घ्या, नाव घालायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि ‘नको’ म्हटलं तर गुण कमी होणार नाहीत हे आधी सांगा.

एक तक्रारही मांडते. प्रकरण सुधारणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या, आकृत्यांना दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वर्णनं लिहिणाऱ्या शिक्षकाच्या कामाची बढतीच्या वेळी दखल घेतली जात नाही. कुणी न वाचलेला शोधनिबंध मोजला जातो आणि शेकडो मुलं वापरतात ते प्रकरण मोजलं जात नाही. हे बदलायला हवं, आणि ज्यांच्याकडे निवड समित्यांत बसायचा अधिकार आहे त्यांनी ते बदलायला हवं. तोपर्यंत निदान प्रत्येक बदललेल्या पानाच्या तळाशी, कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवा. परवान्यालाही ती लागते आणि उद्या तुम्हालाही लागेल.

जेनोव्हीजचं पान मी आता असं शिकवते. आधी १९६४ ची बातमी काय म्हणत होती, मग २००७ चा लेख काय म्हणतो, आणि शेवटी एक प्रश्न: ही गोष्ट इतकी वर्षं का टिकली? मुलं या प्रश्नावर मला वाटलं नव्हतं इतकं लिहितात.

आता चहानंतरच्या सत्रात दोघादोघांनी एकेक प्रकरण उघडायचं आहे. जो विषय तुम्ही कॉलेजच्या चालू सत्रात शिकवणार आहात तोच घ्या. पहिल्यांदा परवाना शोधा. मग पेन्सिल घेऊन, तुमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरं नसलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. दुरुस्त करायची घाई नको, नुसतं अधोरेखित करा. तासाभरानं भेटू.