मसावि काढताना लहान घातांक का?

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, नसेल तर दोन संख्या मनात धरा: 360 आणि 756. या दोन्हींना नि:शेष भाग देणारी मोठ्यात मोठी संख्या कोणती? म्हणजेच त्यांचा महत्तम सामाईक विभाजक, आपला मसावि, किती?

360 ला 2 ने भागत चला. 180, 90, 45. मग 3 ने: 15, 5. पाच ही मूळ संख्या, तिथं थांबायचं. हाती आले तीन वेळा 2, दोन वेळा 3 आणि एक 5. आता 756. दोनने 378, 189. तीनने 63, 21, 7. इथं 2 दोनदा, 3 तीनदा आणि एक 7.

दोन्हीकडे सामाईक काय? 2 दोनदा, 3 दोनदा. चार नवे छत्तीस. मसावि 36.

नेमकं इथंच बरीच मुलं चुकतात, आणि त्यांना रागावू नका. ‘महत्तम’ हा शब्द कानावर पडला की हात आपसूक मोठ्या घातांकाकडे, म्हणजे अवयव जिथं जास्त वेळा आलाय त्या आकड्याकडे जातो. तीन वेळा 2, तीन वेळा 3, म्हणून 216. मग 360 ला 216 ने भागून बघायला सांगा. एकदा भाग जातो, बाकी 144. असं का झालं? 216 मध्ये 3 तीनदा आहे, 360 मध्ये मात्र दोनदाच. विभाजकातला प्रत्येक मूळ अवयव, जितक्या वेळा असेल तितक्या वेळा, भाज्यातही सापडायला हवा. म्हणून लहान घातांक. हे एकदा उमगलं की नियम पाठ करावा लागत नाही.

मोठे घातांक वाया जात नाहीत बरं का! ते घेऊन 5 आणि 7 ही सोबत घेतले, की 7560 हा लसावि, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य, मिळतो. मसावि आणि लसावि यांचा गुणाकार करा, तो 360 गुणिले 756 इतकाच भरेल. उत्तर पडताळायला मला हाच ताळा सर्वांत आवडतो.

8 आणि 15 मध्ये एकही मूळ अवयव सामाईक नाही. काहीच नाही, म्हणून मुलं शून्य लिहितात. पण 1 ने तर दोन्हींना भाग जातोच, मसावि 1. अशा संख्यांना सहमूळ म्हणतात.

ही पद्धत अडते कुठं? अवयव लपलेले असतात तिथं. 2021 आणि 1927 घ्या. दोन, तीन, पाच, सात, कशानेच भाग जात नाही. अशा वेळी प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडची भागाकाराची रीत धरा. 2021 ला 1927 ने भागा, बाकी 94. 1927 ला 94 ने भागा, बाकी 47. 94 ला 47 ने भागा, बाकी शून्य. मसावि 47. आणि आता अवयवही आपोआप उघडे पडले: 2021 म्हणजे 43 गुणिले 47, आणि 1927 म्हणजे 41 गुणिले 47.