काकूंना फक्त आकडा हवा होता

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय ते अशा पोरापोरींशी ज्यांचं पहिलं ॲप नव्वद टक्के तयार आहे, आणि तीन महिने झाले तरी नव्वदच टक्के आहे.

सदाशिव पेठेत एमपीएससीवाल्या मुलांच्या मेस आहेत ना, तिथल्या एका काकूंसाठी आम्ही ॲप करत होतो. लॉगिन, रेटिंग, नकाशा, ऑनलाइन पेमेंट, सगळं घेतलेलं, चार महिने त्यातच गेले, आणि दाखवायला गेलो तर काकू कणीक मळता मळता म्हणाल्या, "अरे बाळा, मला फक्त चारपर्यंत सांग रात्री किती पोरं येणार, म्हणजे पोळ्या उरायच्या नाहीत."

झालं, तेच आमचं प्रॉडक्ट. बाकी सगळं काढलं, एकच स्क्रीन ठेवली, "आज रात्री जेवायला येणार?" हो किंवा नाही. आकडा मोजून काकूंना फोन करणारा कोड लिहिलाच नाही, ते काम रोज मीच करणार असं ठरलं. यात काही कमीपणा नाही हो. 1999 मध्ये झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी सुरू करणाऱ्या निक स्विनमर्ननं दुकानातल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले, ऑर्डर आली की तो दुकानात जाऊन तोच बूट विकत घेऊन पाठवायचा, कारण त्याला एवढंच बघायचं होतं की लोक पायात न घालता बूट घेतात का.

पण छोटं म्हणजे कच्चं नव्हे हं! ते एक बटण चाललंच पाहिजे. जुन्या स्वस्त अँड्रॉइडवर, जिथे रेंज जाते त्या जिन्यात उभं राहून तपासा.

आणि तारीख सांगण्याआधी प्ले स्टोअरचा नियम वाचा. तुमचं वैयक्तिक डेव्हलपर खातं 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं असेल तर किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये, म्हणजे फक्त निवडक लोकांना ॲप देऊन केलेल्या चाचणीत, लागतात, मगच सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज करता येतो. आम्ही पाडव्याला लाँच म्हणून सगळ्यांना सांगून बसलेलो आणि हे कळलं आठ दिवस आधी. ते बारा जण मित्र घेऊ नका, मेसमधलीच मुलं घ्या, मित्र नुसतं "भारी" म्हणतात.

लाँचच्या रात्री मी मेसच्या दारातच उभा होतो. ज्यांनी बटण दाबलं नव्हतं त्या प्रत्येकाला विचारलं, तर कळलं की बटण दाबायची आठवण करून देणारी ॲपची सूचना जाते साडेतीनला, आणि तेव्हा सगळ्यांचे फोन अभ्यासिकेत बॅगेत बंद. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी एकला पाठवायला लागलो, मुलं ताटावर बसलेली असतात तेव्हा.