मामांच्या मोबाइलमधला अंगठा

नमस्कार श्रोतेहो. रावेर-यावलकडची मंडळी आता बागेतून घरी परतली असतील, म्हणून गोष्टही केळीचीच.

माझा पुतण्या केळीवरच्या हरण्या रोगावर, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूवर, संशोधन करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा इंग्रजी पेपर छापून आला. त्याचा दाखला, म्हणजे दुसऱ्या पेपरात उल्लेख, आजवर एकानेच दिला, तोही त्याच्याच गाइडने! गेल्या पावसाळ्यात पोरगा सावद्याला मामांकडे गेला. जेवायला भरीत होतं. (हिरव्या मिरचीचं, बरं का. भरितात लाल तिखट घालणाऱ्याशी मी बोलत नाही.) जेवता जेवता मामांनी मोबाइल पुढे केला. "हे वाच भो, कामाचं आहे. शीक काहीतरी." व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत लिहिलेलं : बागेत काकडी-भोपळा लावू नका, मावा ही कीड रोग पसरवते, रोगट झाड कंदासकट उपटा. खाली पिवळ्या पट्ट्यांच्या पानाचा फोटो, पान धरलेला एक अंगठा आणि नखावर निळी शाई.

"मामा, हा अंगठा माझाय!"

मामा म्हणाले, "अंगठा कोणाचाबी असो. मी सत्तर खोडं उपटून टाकली ना."

सत्तर खोडं, श्रोतेहो! आणि कागदावर दाखला एक.

दाखले जमायला वर्षं लागतात. म्हणून २०१० साली जेसन प्रीम आणि त्यांच्या साथीदारांनी 'अल्टमेट्रिक्स'चा जाहीरनामा काढला. बातम्या, विकिपीडिया, सरकारी धोरणांचे कागद, समाजमाध्यमं, यांत पेपरचा उल्लेख किती झाला ते मोजायचं. पण हा आकडा बोलबाल्याचा, गुणवत्तेचा नव्हे. पुन्हा सांगतो, बोलबाल्याचा. लसीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला, तरी त्याची चर्चा थांबली नाही. न वाचता अंगठा दाबणारे आपल्या घरातही आहेतच.

आणि हे मोजमाप चालतं पेपरच्या दुव्यावर, डीओआय म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख-क्रमांकावर. मामांच्या ग्रुपवरच्या मेसेजमध्ये दुवा नाही, नाव नाही, आणि खाजगी ग्रुपमध्ये डोकवायची सोयही नाही.

परवा कॉलेजच्या वार्षिक फॉर्ममध्ये अल्टमेट्रिक स्कोअरचा रकाना आला. पुतण्याने तीन लिहिले. मामांना कळलं, तर लगेच फोन : "खोड ना ते. सत्तर लिही."